निखळलेले सांधे : इलेक्ट्रॉनिक फलकांवरील जोडांची दुरुस्ती



वसंतातल्या व्याख्यानांना येणाऱ्या मंडळींना इतिहास, साहित्य, अर्थकारण असले भारदस्त विषय ऐकण्याची सवय असते. आजचा विषय त्या पंगतीत बसणारा नव्हे, असे कित्येकांना प्रथम वाटेल. आम्ही बोलणार आहोत ते नखाएवढ्या एका सांध्याविषयी. मोबाईलच्या तोंडाशी, वजनकाट्याच्या पाठीशी, टीव्हीच्या किंवा पंपाच्या पेटीत बसविलेला आणि ज्यात आपण वायर खुपसतो, तो हा सांधा. त्याला कोणी चार्जिंग पिन म्हणतो, कोणी जॅक, कोणी सॉकेट. कारखान्याच्या भाषेत तो कनेक्टर. तो का बिघडतो, बिघाड नेमका कोठे आहे हे कसे ओळखावे, तो नीट कसा बसवावा आणि केव्हा त्याचा नाद सोडावा, एवढे चारच प्रश्न आज घ्यावयाचे आहेत.

सिद्धेश्वरच्या परिसरातील माणसाला या विषयाचे मर्म सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पूर्णा नदीचे पाणी वर येलदरीला साठते, तेथील वीजगृहातून खाली उतरते, सिद्धेश्वरच्या धरणात पुन्हा अडविले जाते आणि तेथून कालव्यांनी शेतांकडे निघते. १९६८ साली पूर्ण झालेली ही दोन धरणे म्हणजे एका मोठ्या विचाराचे मोठे काम होय. पण कालव्याच्या तोंडाशी असलेले दार गंजून अडकले, तर त्या शेताच्या दृष्टीने धरण असून नसल्यासारखे. पाणी आहे, पीक आहे, मधला मार्ग तेवढा बंद आहे. भिंत फुटली तर गावभर ओरड होते. दार अडकले तर फक्त त्या पाळीतला शेतकरी कळवळतो. इलेक्ट्रॉनिक यंत्रातही नेमके असेच घडते. आतील अवघड भाग वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात आणि बाहेरचे दार निखळते.

आणि हल्ली ते दार निखळणे स्वस्तात जात नाही. ई-पीक पाहणी फोनवर नोंदवावयाची, बँकेचा गुप्त आकडा फोनवर यावयाचा, मुलाचा प्रवेश-अर्ज फोनवरून भरावयाचा आणि गेलेल्या आईचा आवाजही त्याच फोनात साठविलेला. चार्जिंग होत नाही म्हणून असा फोन टाकून द्या, नवा घ्या, असे कोणी सांगितले की ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. सल्ला कधी खरा असतो, पुष्कळदा नसतो. तो खरा केव्हा आणि खोटा केव्हा हे प्रत्येकास थोडेफार कळावे, हा आजच्या बोलण्याचा हेतू.

एका जोडाच्या तीन जागा

कनेक्टर बिघडला असे आपण एका शब्दात म्हणतो. पण त्यात तीन वेगळ्या जागा असतात. पहिली जागा तोंडाची. तेथे वायरीच्या पिना व जोडातल्या पिना एकमेकींवर दाबून बसतात. हा संबंध पाहुण्यासारखा, येणाऱ्या-जाणाऱ्याचा. दुसरी जागा झाळाची, म्हणजे सोल्डरची. जोडाचे पाय फलकावरच्या तांब्याला तेथे कायमचे डाग देऊन बसविलेले असतात. तिसरी जागा त्या तांब्याची. काचतंतू व राळेसारख्या इपॉक्सीच्या फलकावर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून, नको तो भाग काढून टाकून, वाटा तयार केलेल्या असतात. साध्या फलकावर या पत्र्याची जाडी सुमारे ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तिसाव्या भागाच्या आसपास. जोडाचा पाय जेथे टेकतो तेथे या पत्र्याचे लहान ठिपके ठेवलेले असतात. आमचे दुरुस्तीवाले त्याला पॅड म्हणतात आणि तो उखडला की ‘प्रिंट उडाली’ असे म्हणतात.

या तीन जागांच्या बिघाडांची लक्षणे बाहेरून सारखीच : वायर हलवली की चालते, सोडली की बंद. पण उपाय निरनिराळे. तोंडात घाण असेल तर साफसफाई पुरे. डाग तडकला असेल तर तो पुन्हा वितळवावा लागतो. पॅड उखडला असेल तर नवी वाट बांधावी लागते. पहिल्या बिघाडावर तिसऱ्याचा उपाय करणे म्हणजे काटा रुतला म्हणून पाय कापण्यासारखे होय. आणि तिसऱ्या बिघाडावर पहिल्याचा उपाय करून पैसे घेणे ही सरळ सरळ फसवणूक.

जोड झिजतो की मोडतो?

आज बहुतेक फोनांना टाईप-सी नावाचा जोड असतो. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांना तो सक्तीचा केला. एवढ्याशा तोंडात २४ पिना बसतील अशी त्याची रचना असून दोन पिनांमधले अंतर अर्धा मिलिमीटर आहे. तो १०,००० वेळा घालता-काढता यावा, या बेताने आखलेला आहे. रोज दोनदा वायर लावली तरी हा हिशेब तेरा वर्षांच्या पुढे जातो. मग दोन-तीन वर्षांतच तो का जातो?

कारण तो घालण्या-काढण्याने फारसा मोडत नाही. तो आडव्या ताणाने मोडतो. वायर लावलेला फोन अंथरुणात कुशीखाली येतो, गाडीत वायरीवर लोंबकळतो, मूल वायर पायात अडकवते. बाहेर आलेली पिन तरफेचे काम करते. बाहेरच्या टोकाला बोटभर जोर, पण आत झाळाच्या कडेवर तोच जोर कित्येक पटींनी वाढून बसतो. पहारीने दगड हलविणाऱ्यास हे गणित वेगळे शिकवावे लागत नाही.

दुसरा शत्रू धूळ आणि खिशातला कापसाचा लोकर. पिन घालताना दर वेळी तो आत दाबला जातो व तळाशी नमद्यासारखी गादी तयार होते. पिन मग पूर्ण आत जात नाही. तिसरा शत्रू ओल. पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे आपण जाणतो. येथेही तसेच घडते, पण विजेच्या मदतीने फार वेगाने. घामाचा किंवा पावसाचा खारट ओलावा आत असताना चार्जर लावला की धन बाजूचे तांबे विरघळू लागते, हिरवट क्षार साचतो आणि पिना खाल्ल्या जातात. म्हणून भिजलेला फोन चार्जिंगला लावू नये. तो तोंड खाली करून हळूच झटकावा व मोकळ्या हवेत सावकाश वाळू द्यावा. तांदळाच्या डब्यात पुरण्याची रीत घरोघर रूढ झाली आहे. तिने फायदा विशेष होत नाही, तांदळाचा भुगा मात्र तोंडात शिरतो.

हे सारे तपशील एका सूत्रात बांधणारी गोष्ट अशी. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी ते एकमेकांना थोड्याच ठिपक्यांवर खरे टेकतात. वीज त्या ठिपक्यांतून जाते. ठिपके कमी झाले, मध्ये गंज आला, की अडथळा वाढतो. समजा, एरवी नगण्य असणारा हा अडथळा अर्धा ओहम झाला आणि दोन अँपिअर प्रवाह चालू आहे. तर पाच व्होल्टपैकी एक व्होल्ट त्या सांध्यातच खर्च होतो आणि दोन वॅट उष्णता त्या तांदळाएवढ्या जागेत निर्माण होते. ‘फोन हळू चार्ज होतो आणि खालून तापतो’ या रोजच्या तक्रारीचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो. ती उष्णता प्लॅस्टिक भाजते, पिनांची स्प्रिंग ढिली करते, त्यामुळे अडथळा आणखी वाढतो. रोग स्वतःच स्वतःला पोसतो. म्हणून वायर हलवून-हलवून महिनोन् महिने काम भागविणे शहाणपणाचे नव्हे. दहा मिनिटांचे काम आपण हाताने दोन तासांचे करतो.

निदान आधी, हत्यार मागून

फोन उघडण्यापूर्वी दुसरी चांगली वायर व दुसरा चार्जर लावून पाहावा. हे सांगणे हास्यास्पद वाटेल. पण वायर ही जोडापेक्षा आधी मरते, आणि ती मरावी अशीच योजना असते, कारण ती बदलणे सोपे. त्यानंतर फोन बंद करून भिंगाखाली उजेडात तोंड पाहावे. आत लोकर दिसला तर लाकडी दातकोरणीचे टोक तासून ते अलगद फिरवावे. टाचणी, सुई, सेफ्टी पिन यांस सक्त मनाई. मधली जिभली नाजूक असते आणि लोखंडी टोकाने दोन पिना एकमेकींस टेकू शकतात. कित्येक फोन या टप्प्यावरच बरे होऊन घरी जातात.

यानंतर एक सोपी परीक्षा. टाईप-सी जोड उलटसुलट कसाही लागतो, कारण ‘समोर कोणी आहे काय’ हे विचारणाऱ्या पिना त्यात दोन आहेत, प्रत्येक बाजूस एक. फोनाच्या बाजूला या पिनांवर ५.१ किलोओहमचा रोधक असतो. चार्जर तो ओळखतो आणि मगच वीज सोडतो. म्हणून दोन्ही टोकांना टाईप-सी असलेल्या वायरीने फोन एका बाजूने चार्ज होत असेल व वायर उलटी करून लावली की होत नसेल, तर बॅटरीवर किंवा चार्जरवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. दोनांपैकी एका पिनेची वाट तुटली आहे असे बहुधा समजावे. पैसे न लागणारी ही परीक्षा ज्याने करून पाहिली, त्याला दुकानात ‘बोर्ड गेला’ असे सहज ऐकवता येत नाही.

शेवटी मीटर. रिकाम्या अवस्थेत पाच व्होल्ट दिसणे पुरेसे नाही. प्रवाह वाहत असताना जोडाच्या अलीकडे व पलीकडे किती व्होल्ट आहेत हे पाहावे. कालव्याचे दार बंद असतानाही दारामागे पाणी पूर्ण उंचीवर दिसते. वाहू लागल्यावर पाटात किती येते यावर त्याची परीक्षा होते.

कल्हईवाल्याचे शास्त्र

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. पूर्वी दारोदार येणारा कल्हईवाला आठवा. तो भांडे तापवी, नवसागर टाकी, पांढरा धूर निघे, मग कथील लावून कापसाने फिरवी आणि भांडे चांदीसारखे उजळे. नवसागर त्यात शोभेला नव्हता. तापलेल्या तांब्यावर जी गंजाची साय येते ती तो खाऊन टाकी. स्वच्छ तांब्याखेरीज कथील धरत नाही. झाळकामाचे सारे शास्त्र या एका दृश्यात आहे : धातू तापलेला हवा, स्वच्छ हवा, आणि कथील त्यावर पाण्यासारखे पसरले पाहिजे, थेंबासारखे बसता कामा नये. थेंबासारखा बसलेला डाग बाहेरून गोल व देखणा दिसतो, आत मात्र सुटा असतो. दुरुस्तीवाले त्याला ‘ड्राय’ म्हणतात. फरक एवढाच की फलकावर नवसागर चालत नाही, त्याचे अवशेष पुढे तांबे खातात. तेथे झाडाच्या राळेपासून केलेला फ्लक्स किंवा तत्सम सौम्य पेस्ट वापरतात.

कथील-शिशाचा जुना झाळ, शेकडा ६३ कथील व ३७ शिसे, १८३ अंशांवर वितळतो. आरोग्याच्या कारणाने शिसे वगळल्यावर कथील, चांदी व तांबे यांचा जो झाळ आला तो २१७ अंशांच्या पुढे वितळतो. दुसरीकडे, साध्या फलकातले इपॉक्सी १३०–१४० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते व तांब्याची चिकट ढिली होते. म्हणजे झाळ वितळेपर्यंत फलक आधीच हळवा झालेला असतो. शिवाय जोडाच्या कवचाचे चार पाय फलकाच्या आरपार जाऊन जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, रुंद तांब्याला जोडलेले असतात आणि ते तांबे उष्णता शोषून घेते. वरचा झाळ वितळलेला दिसतो, खालचा घट्ट असतो. अधीर माणूस या क्षणी चिमट्याने ओढतो. जोड निघतो आणि त्याच्याबरोबर चार-सहा पॅडही निघून येतात.

या धंद्यातले निम्मे नुकसान मूळ बिघाडाने होत नाही, ते या एका ओढीने होते. म्हणून नवशिक्याने एकच नियम पाठ करावा : उष्णता पुरेशी द्यावी, ओढ देऊच नये. जोड आपण होऊन तरंगू लागला पाहिजे. मग तो उचलावा, उपटू नये.

त्याची रीत अशी. प्रथम बॅटरीचा जोड सोडवावा; लिथियमच्या बॅटरीजवळ गरम हवा नेणे म्हणजे दारूच्या कोठारात निखारा नेणे. शेजारच्या भागांवर पिवळी उष्णतारोधक पट्टी लावावी. फलक खालून सावकाश ऊबदार करावा, म्हणजे वरून फार उष्णता द्यावी लागत नाही. भरपूर फ्लक्स घालून जुन्या झाळात थोडा कमी अंशांवर वितळणारा झाळ मिसळावा. ५८ भाग बिस्मथ व ४२ भाग कथील यांचा झाळ १३८ अंशांवर वितळतो आणि जुन्यात मिसळून त्यालाही लवकर वितळवतो. पण नवा जोड बसविण्यापूर्वी तो तांब्याच्या जाळीदार पट्टीने पूर्ण शोषून काढला पाहिजे. बिस्मथ, शिसे व कथील एकत्र राहिले तर त्यांचे मिश्रण उकळत्या पाण्याच्या तापमानाखालीच वितळू शकते. काढताना जो मित्र, तोच बसवताना वैरी होतो. अशा मिश्रणावर बसविलेला जोड आज उत्तम चालतो आणि तापला की ढिला पडतो.

नवा जोड बसविताना आधी त्याच्या पायांची जागा तंतोतंत जुळते की नाही ते पाहावे. तोंड सारखे असले तरी पायांची मांडणी निरनिराळ्या बनावटीत निराळी असते. कवचाचे पाय भरपूर झाळाने पक्के करावेत. वीज पिना वाहतात, पण ताण कवचाने वाहावयाचा असतो. हे पाय कच्चे ठेवले तर बारीक पिनांवर ताण येतो व दुरुस्ती महिन्याभरात परत येते.

प्रिंट उडाली तर

पॅड उखडला म्हणजे फलक मेला असे नव्हे. तो पॅड ज्या वाटेशी जोडलेला होता ती वाट शोधावी, तिच्यावरचा हिरवा रंग धारदार पात्याने अलगद खरवडावा, उघड्या तांब्याला झाळाचा पातळ लेप द्यावा आणि केसासारख्या बारीक, वार्निश चढविलेल्या तांब्याच्या तारेने जोडाच्या पायापासून तेथपर्यंत पूल बांधावा. याला ‘जंपर मारणे’ म्हणतात. मग त्यावर अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा लेप किंवा इपॉक्सी लावून तार बसवून टाकावी. सुटी तार हेलकावे खाऊन तुटते. इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या आयपीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने फलकांच्या दुरुस्तीचे ७७११ व ७७२१ या क्रमांकांचे जे दंडक तयार केले आहेत, त्यांत उखडलेल्या पॅडांच्या दुरुस्तीच्या रीती पायरीपायरीने दिलेल्या आहेत. म्हणजे जंपर हा काही गल्लीतला जुगाड नव्हे. नीट केला तर तो मान्य शास्त्राचा भाग आहे आणि वाईट केला तर जुगाडच.

मर्यादा मात्र ओळखाव्या. वीज वाहणाऱ्या वाटेला पुरेशी जाड तार हवी. माहिती वाहून नेणाऱ्या जोडवाटांना तारा आखूड व एकमेकींच्या बरोबरीच्या लांबीच्या हव्यात. सेकंदाला अब्जावधी स्पंदने नेणाऱ्या वाटांवर बोटभर तारेचा पूल बांधला तर वीज जाते, संदेश पोहोचत नाही. फलकाच्या आतील थर जळाले असतील, ओलीने सगळीकडे गंज पसरला असेल किंवा बॅटरी फुगली असेल, तर केवळ जोडाच्या दुरुस्तीचा आग्रह धरू नये. उलट, कित्येक फोनांत चार्जिंगचे तोंड मुळातच वेगळ्या लहान फलकावर असते आणि तो फलक पट्टीने मुख्य फलकास जोडलेला असतो. तेथे झाळकामाचीही गरज नसते, तेवढा फलक बदलला की झाले. ‘याचा चार्जिंग बोर्ड वेगळा आहे काय?’ हा एक प्रश्न विचारल्याने गिऱ्हाईकाचे पुष्कळ पैसे वाचू शकतात.

काम झाल्यावर अल्कोहोलने फ्लक्स धुवावा, भिंगाखाली प्रत्येक पाय पाहावा, वीज व जमीन यांत शॉर्ट नाही याची मीटरने खात्री करावी आणि मगच बॅटरी जोडावी. त्यानंतर वायर दोन्ही बाजूंनी लावून, किंचित हलवून, माहितीची देवघेव करून आणि अर्धा तास चार्ज करून, जोड तापत नाही ना हे पाहावे. ‘चालू झाला’ आणि ‘बरा झाला’ यांत हे अंतर आहे.

काटा खोटे बोलतो तेव्हा

आतापर्यंत फोनाविषयी बोललो, कारण तो सर्वांच्या खिशात आहे. पण बिघडलेला जोड नेहमी यंत्र बंदच पाडतो असे नाही. कधी तो यंत्र चालू ठेवतो आणि खोटे बोलायला लावतो. हे अधिक भयंकर.

वसमतचा हळदीचा बाजार आपल्या जिल्ह्यात आहे. तेथे पोती इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतात. काट्याच्या पोटात लोडसेल नावाचा धातूचा ठोकळा असतो. त्यावर चिकटविलेल्या पट्ट्या भाराने किंचित ताणल्या जातात व त्यांचा रोध बदलतो. साध्या बनावटीत त्यातून चार तारा निघून जोडाने फलकावर येतात : दोन तारांनी वीज आत जाते, दोनांनी उत्तर बाहेर येते. उत्तर अतिशय क्षीण असते. पाच व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला नेहमीच्या लोडसेलमधून सुमारे दहा मिलिव्होल्ट मिळतात. आता समजा, या सेलचा रोध ३५० ओहम आहे आणि वीज नेणाऱ्या पिनेवर हळदीची भुकटी व ओल बसून एक ओहमचा अडथळा वाढला. सेलला मिळणारी वीज ३५१ भागांपैकी ३५० एवढी झाली. एका क्विंटलला सुमारे २८५ ग्रॅम कमी वजन दिसेल.

यातली खुबी अशी की रिकामा काटा शून्यच दाखवतो. शून्य बिघडत नाही, भार वाढेल तशी चूक वाढते. मालकाच्या मनात कपट नाही, हमालाच्या हातात खोट नाही, तरी शेतकऱ्याच्या पोत्यातून मूठ-मूठ हळद दर क्विंटलला नाहीशी होत असते. म्हणून काट्याची परीक्षा शून्यावर करून भागत नाही, ती खऱ्या वजनमापांनी करावी लागते. मोठ्या व चांगल्या काट्यांत सेलपाशी प्रत्यक्ष किती वीज पोहोचली हे परत येऊन सांगणाऱ्या आणखी दोन तारा असतात. त्यांच्या जबानीमुळे ही चूक भरून निघते.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. २००९ च्या वैधमापन अधिनियमाप्रमाणे वजनमापांची दुरुस्ती परवानाधारकाकडूनच व्हावयाची असते आणि दुरुस्तीनंतर काट्याची पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसावा लागतो. फोनचा जोड घरच्या हौशी मुलाने बसविला तर जबाबदारी त्याची व घरच्यांची. काट्याचा जोड मात्र तिसऱ्याच्या घासाशी निगडित आहे. म्हणून तेथे हौसेला जागा नाही.

मोठ्या शास्त्राचे लहान सांधे

असे प्रसंग केवळ बाजारात घडतात असे समजू नये. सप्टेंबर २०११ मध्ये युरोपातील ‘ऑपेरा’ नावाच्या प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी एक नवल जाहीर केले. जिनिव्हाजवळून निघालेले न्यूट्रिनो नावाचे कण सुमारे ७३० किलोमीटरवर इटलीत ग्रान सास्सो येथे प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचत होते. आइन्स्टाइनचा सिद्धान्त ढासळतो की काय, अशी जगभर चर्चा झाली. त्या शास्त्रज्ञांनी आपले आकडे झाकून ठेवले नाहीत, इतरांना तपासावयास दिले आणि स्वतःही तपास चालू ठेवला. फेब्रुवारी २०१२ मध्ये मुख्य कारण सापडले : वेळ मोजणाऱ्या यंत्रणेतील प्रकाशतंतूच्या वायरीचा जोड पुरता घट्ट बसलेला नव्हता. जोड नीट बसवून मोजल्यावर कण प्रकाशाच्या मर्यादेत आले. सिद्धान्त शाबूत राहिला. ढिला होता तो सांधा.

ही कथा आपल्या दाराशीही आली आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा आपल्याच औंढा नागनाथ तालुक्यात उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, खर्चाचा अंदाज सुमारे २,६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान फरक झाला तरी तो ओळखावयाचा, असे हे यंत्र. त्याच्या आरशांविषयी व लेसरविषयी पुष्कळ ऐकावयास मिळेल. पण असे यंत्र चालवावयाचे तर असंख्य जोड रोज घट्ट, स्वच्छ व खरे राहिले पाहिजेत, आणि ते राखणारे हात पदव्यांच्या शिखरावरच असतात असे नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यास करणाऱ्या आपल्या भागातल्या मुलामुलींनी एक डाग नीट द्यावयास शिकणे आणि या वेधशाळेचे काम यांत वाटते तितके अंतर नाही.

गिऱ्हाईक आणि कारागीर

शेवटी व्यवहाराचे दोन शब्द. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले व त्यांनी जुन्या वस्तूंच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. हे योग्यच झाले. पण हक्क कागदावर असतो, दुरुस्ती हातात असते. फलकावरचे तांबे, कथील, सोने खाणीतून काढून येथवर आणण्यास जो खटाटोप झाला, तो एका ढिल्या सांध्यापायी कचऱ्यात घालू नये, एवढी बुद्धी दोन्ही बाजूंना हवी.

गिऱ्हाइकाने फोन देण्यापूर्वी शक्य तर आतील माहितीची दुसरी प्रत काढून ठेवावी, जुना भाग परत मागावा आणि घाई करू नये. ‘पाच मिनिटांत द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक कारागिराला ती घातक ओढ द्यावयास स्वतःच भाग पाडते. कारागिराने जोड काढल्यावर नवा बसविण्याआधी पॅडांची स्थिती भिंगातून गिऱ्हाइकास दाखवावी. एखादा पॅड आपल्या हातून उखडला तर तसे सांगावे व पूल बांधून द्यावा. वरून नवा जोड ठेवून तो झाकू नये. झाकलेला दोष त्या दिवशी दिसत नाही, पण भर पडला की तो बोलतोच. मग ते भर पोत्याचे असो, प्रवाहाचे असो की विश्वासाचे.

धरणाच्या भिंतीची प्रशंसा सारेच करतात. कालव्याच्या दाराला वेळेवर तेल घालणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. पाणी मात्र त्याच्यामुळे शेतात येते. आपल्या गावातील टेबलावर दिवा ओढून, भिंग लावून, श्वास रोखून एक-एक पाय बसविणाऱ्या माणसाकडे यापुढे आपण त्या दृष्टीने पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.